ग्लासगोतलं खापर

परदेशात शिकून आलेला माणूस भेटला की लोक विचारतात, "तिकडची म्युझियमं पाहिली का हो?" मग तो माणूस डोळे अर्धे मिटतो आणि कला, संस्कृती असं काहीबाही बोलू लागतो. साफ खोटं बोलतो. मी ग्लासगो शहरातली झाडून सगळी म्युझियमं पाहिली आहेत, काही तर इतक्या वेळा पाहिली आहेत की तिथले पहारेकरी मला घरच्यासारखे ओळखत. त्याचं कारण एवढंच की आत जायला तिकीट नव्हतं आणि आत हीटर होता. हीटर माझ्या खोलीतही होता, पण तो नाणं टाकल्याशिवाय पेटत नसे, आणि पेटला तरी रुसलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात नुसता लाल होऊन बसे.

मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. अठ्ठ्याऐंशी साली सरकारच्या मनात आलं की केळीच्या पानांवरच्या करप्याचा अभ्यास व्हायला हवा, आणि त्यासाठी सरकारने मला स्कॉटलंडला पाठवलं. ज्या जिल्ह्यात नजर जाईल तिथवर केळी, तिथला माणूस उचलायचा आणि जिथे केळीचं एकच खोड, तेही काचेच्या घरात, सर्दी झाल्यासारखं उभं आहे तिथे नेऊन ठेवायचा. हे कुठल्या सुपीक डोक्यातून निघालं ते मला आजवर कळलेलं नाही. मला स्कॉलरशिप मिळाली होती, त्यामुळे मी विचारायलाही गेलो नाही.

तर म्युझियमं. त्यांची प्रतवारी मी उबेवरून लावली होती. चिलखतांचं म्युझियम बिनकामाचं. एवढं लोखंड एका जागी साठवल्यावर दुसरं काय होणार. चित्रांच्या दालनात ऊब बरी, पण बाकावर जरा डोळा लागला की पहारेकरी खाकरायचा. पेंढा भरलेल्या प्राण्यांत बरं वाटे, पण तिथला हत्ती फार केविलवाण्या डोळ्यांनी बघे. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे एका जुन्या म्युझियमचा तळमजला. तिथे जगभरच्या मेलेल्या माणसांचं सामान मांडलं होतं आणि दालनाचं नाव होतं 'माणूस आणि मृत्यू'. मेलेल्यांना चोवीस तास ऊब आणि जिवंत विद्यार्थ्याने मात्र नाणं टाकावं, असा एकंदर त्या देशाचा न्याय.

एके दिवशी माझा नेहमीचा बाक एका म्हातारीने अडवला होता. म्हणून मी पलीकडच्या बाकावर बसलो. समोर काचेचं कपाट होतं आणि कपाटात आमचं खापर.

ज्यांना खापर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि माहीत नसेल तर तुमच्या जन्माची कीव करतो. खापर म्हणजे मातीचं मोठं, पसरट, गोल भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि तापलेल्या बुडावर मांडे भाजायचे. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पोळपाट नाही, लाटणं नाही. बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत वाढवते आणि एका झोकात खापरावर टाकते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या खानदेशात घरोघरी मांडे आणि आमरस असतो. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी काय खातो, मला ठाऊक नाही आणि विचारायचीही इच्छा नाही.

त्या खापराला इंग्रजांनी उताणं ठेवलं होतं. तोंड वर. खाली पाटी: 'अस्थिकुंभ. पश्चिम भारत, खानदेश. आतील काजळी चितेच्या धुराची.' धुळ्याला कधीकाळी पलटणीत असलेल्या कुणा कॅप्टनाच्या विधवेने ते दान केलं होतं. कॅप्टनाने ते कुणाच्या स्वयंपाकघरातून उचललं असेल, ते देव जाणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या भांड्यावर माझ्या आईने जन्मभर आम्हाला मांडे करून घातले, त्यात या लोकांनी हाडं भरली! मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. पहारेकरी जवळ येऊन हळूच म्हणाला, "कुणी जवळचं होतं का?"

दुसऱ्या दिवशी मी त्या विभागाच्या प्रमुख मिसेस ड्रमंड यांच्यापुढे जाऊन बसलो. बाई सज्जन होत्या. सज्जन माणसाशी भांडता येत नाही, हाच तर त्यांचा धोका. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिस्टर भंगाळे, हे फारच रंजक आहे. पण हे स्वयंपाकाचं भांडं ठरलं तर ते या दालनात राहू शकत नाही. ते वरच्या मजल्यावर गृहोपयोगी विभागात जाईल. आणि तो विभाग पुराव्याशिवाय काही घेत नाही."

"पुरावा? अहो, मी त्यावरचं खाऊन वाढलोय!"

"तुमच्या वाढीबद्दल शंका नाही," त्या म्हणाल्या. "या भांड्याचा मृतांशी काहीच संबंध नाही, असं तुम्ही म्हणता?"

इथे 'नाही' म्हणून गप्प बसायचं होतं. पण मास्तर माणूस, शंकेचं पूर्ण निरसन केल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "नाही. म्हणजे, मांडे मुख्यतः आखाजीला होतात. आणि आखाजीला पितरांच्या नावाने चुलीत घास टाकतात, तेव्हा त्या अर्थाने..."

बाईंनी पेन उचललं. "म्हणजे मृतांच्या दिवशी, अग्नीवर, मृतांना अन्न?"

"हो, पण जेवतो आम्ही!"

"अर्थात," असं म्हणत त्या लिहितच राहिल्या.

नंतर त्यांनी खबरदारी म्हणून दुसऱ्या एका मराठी माणसाचं मत घेतलं. विद्यापीठात सोहोनी नावाचा एक पुण्याचा मुलगा होता. तो कपाटासमोर उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "पुरणपोळी तव्यावर करतात. हे काय आहे, मी कधी पाहिलेलं नाही." बस्स! त्याने पाहिलं नाही म्हणजे ते नाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की महाराष्ट्र लोणावळ्याला संपत नाही आणि शिरूरलाही संपत नाही. तो म्हणाला, "रागावू नका हो. तुमच्याकडे असेलही तसं काहीतरी." त्या 'तसं काहीतरी'ने मी दोन दिवस जेवलो नाही. तसंही तिथल्या जेवणात सोडण्यासारखं फार काही नव्हतं.

माझी चूक एवढीच झाली की हे सगळं मी कुंदाला, म्हणजे बायकोला, पत्रात कळवलं. तिने ते पत्र शेजारच्या तोताराम नाना फिरक्यांना वाचायला दिलं. नाना जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आख्ख्या गल्लीत टेलिफोन फक्त त्यांच्याकडे, आणि त्या टेलिफोनवर क्रोशाचं झाकण. पंधरा दिवसांत मला गावातल्या पेपरचं कात्रण आलं. 'जळगावच्या सुपुत्राने पकडली इंग्रजांची चूक! म्युझियमची पाटी बदलणार!' शेजारी माझा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. आता पाटी बदलल्याशिवाय मला जळगाव स्टेशनवर उतरायची सोय उरली नव्हती. एक पाटी! चार ओळींची पुठ्ठ्याची पाटी, आणि तिला माझी आणि खानदेशाची सगळी अब्रू टांगलेली.

मिसेस ड्रमंडना म्हटलं, तुम्ही थेट जळगावला फोन करा, तिथल्या बायका सांगतील. त्यांना ते पटलं. ठरल्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसातून फोन लागला. तिकडे नानांच्या बैठकीत दुपारच्या वेळी कुंदा, धुळ्याहून मुद्दाम आलेल्या माझ्या सासूबाई झुंबरबाई आणि अर्धी गल्ली जमली होती. पण फोन बायकांच्या हातात देतील तर ते नाना कसले? साहेबीण इंग्रजीत बोलणार, इंग्रजी नानांना येतं, म्हणून फोनवर नाना.

मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होतो. मिसेस ड्रमंडनी विचारलं, "आपल्या भागात हे भांडं मृतांच्या विधीशी जोडलेलं आहे का?"

नाना म्हणाले, "येस मॅडम."

मी ओरडलो, "नाना! नाही म्हणा!"

बाईंनी मला हाताने गप्प केलं. "त्यात अस्थी ठेवल्या जातात का?"

"येस मॅडम. सर्टनली मॅडम."

पस्तीस वर्षं वरिष्ठांच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर दिलेला माणूस. त्याला 'नो' म्हणता येतं, हे त्याच्या घशालाच ठाऊक नव्हतं. पाठीमागून सासूबाईंचा आवाज अहिराणीत खणखणीत येत होता, "ओ जावाईबापू! तुमनी सायेबीणले सांगा, ते चुल्हावरनं खापर शे, मसनमानं नही! बठ्ठा गावले माहीत शे!"

मिसेस ड्रमंडनी विचारलं, "मागे कसला आवाज आहे?"

नाना म्हणाले, "लोकल साँग, मॅडम."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

आता एकच मार्ग राहिला होता, प्रत्यक्ष मांडा करून दाखवायचा. मी भरल्या ऑफिसात छाती ठोकून सांगितलं, "मी करून दाखवतो." जन्मात कधी चहा स्वतः गाळून न प्यालेला माणूस हे बोलला, याचं आज नवल वाटतं. पण अब्रू चव्हाट्यावर आली की माणसाच्या तोंडाला लगाम राहत नाही.

लगेच परवानग्या सुरू झाल्या. आपल्याकडे निदान टेबलाखालून काहीतरी होतं. तिथे टेबलाखाली नुसते पाय. मूळ खापराला हात लावायचा नाही. जाळ इमारतीत करायचा नाही, मागच्या आवारात करायचा. अग्निशमन दलाचा माणूस बादलीसह हजर पाहिजे. केलेला पदार्थ कुणी खायचा नाही, कारण आरोग्य खात्याची मंजुरी नाही. मी म्हटलं, "मग ते खाण्याचं भांडं आहे हे सिद्ध कसं होणार?" यावर त्यांनी मला एक नियमावली वाचायला दिली. खापर मात्र त्यांनी तिथल्या कलाशाळेतल्या एका कुंभाराकडून हुबेहूब घडवून घेतलं. हुबेहूब म्हणजे दिसायला.

कृती मी कुंदाकडून मागवली. तिचं उत्तर आलं, "पीठ असं भिजवा की ओढलं तर आलं पाहिजे आणि सोडलं तर गेलं पाहिजे." पाणी किती? "लागेल तेवढं." जाळ किती? "बेताचा." शेवटी लिहिलं होतं, "आई म्हणते, जावाईबापूंनी हा नाद सोडावा, भाजून घेतील. नाना म्हणतात, फोटो नक्की काढून घ्यावा." मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सराव केला. पहिला मांडा छताला चिकटला. तो कसा चिकटला हे मला विचारू नका, मी खाली बघत होतो. दुसऱ्याने आगीची घंटा वाजवली आणि आख्खं हॉस्टेल पायजम्यात रस्त्यावर उभं राहिलं. त्यात सोहोनीही होता. तो फक्त माझ्याकडे बघून हसला. त्याने बोलायलाच हवं होतं, म्हणजे मलाही बोलता आलं असतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. म्युझियमचे विश्वस्त, विद्यापीठाचे प्राध्यापक, छत्र्या घेतलेल्या बायका, बादलीवाला, फोटोग्राफर अशी बरीच गर्दी जमली. मी अंगात झब्बा घातला होता आणि आत दोन स्वेटर. जाळ पेटवला, खापर पालथं घातलं. एक प्राध्यापक म्हणाले, "अच्छा, पालथं!" मला वाटलं, जिंकलो. उंडा हातावर घेतला. फिरवला. तो वाढला, खरंच वाढला! तळव्यांवरून मनगटावर आला, मनगटावरून कोपरावर आला, आणि मग तो कुणाचं ऐकेना. घड्याळ त्यात गुंतलं. मी झोक दिला तेव्हा अर्धा मांडा खापरावर गेला आणि अर्धा बादलीवाल्याच्या बुटांवर. तेवढ्यात खापराने बंदुकीसारखा आवाज केला आणि त्याचे दोन तुकडे झाले. ती माती फुलदाण्यांची होती. चूल तिच्या बापजन्मी माहीत नव्हती.

आणि माझ्या हातून शेवटची चूक घडली. अन्न पायाखाली आलं म्हणून, लहानपणापासूनच्या सवयीने, मी वाकून त्या पोळीला नमस्कार केला आणि "देवा रे!" म्हणालो. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो घेतला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

महिन्याभराने पाटी बदलली. होय, बदलली! मी धावत गेलो. 'पितृविधीचे पात्र, खानदेश. वर्षातून एकदा, मृतांच्या दिवशी, पुरोहित पिठाचा तलम पडदा हातांवर पेलतो. हा देह आणि आत्मा यांच्यामधील पडदा होय. तो पालथ्या पात्रावर पांघरला जातो. पात्र भंगले की पितर तृप्त झाले असे मानून पुरोहित मंत्र उच्चारतो व वंदन करतो.' शेजारी माझा वाकलेला फोटो. 'पुरोहित एल. भंगाळे.'

मी मिसेस ड्रमंडच्या खोलीत शिरून टेबलावर मूठ आपटली. "पुरणपोळी! ती पुरणपोळी होती! आत डाळ आणि गूळ होता!"

"असणारच," त्या मायेने म्हणाल्या. "नैवेद्य गोड असतो. मिस्टर भंगाळे, तुमचा जबाब आहे, तुमच्या गावच्या अधिकाऱ्यांचा दुजोरा आहे आणि आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वतःचा विधी परक्यांपुढे उघड करताना संकोच होतो, हे आम्ही समजू शकतो." मी हात टेकले.

जळगावला परतताना मनाशी ठरवलं होतं की गाडीतून उतरायचं आणि खाली मान घालून घर गाठायचं. पण स्टेशनवर हार घेऊन नाना उभे. म्युझियमने नवीन माहितीपुस्तक छापलं होतं आणि त्याची एक प्रत नानांना टपालाने पाठवली होती, कारण शेवटच्या पानावर आभार मानलेल्यांत 'श्री. टी. फिरके, अधीक्षक (निवृत्त), जळगाव' असं नाव होतं. नानांनी त्या पानाला प्लॅस्टिकचं आवरण घातलं होतं.

मी गल्लीत सगळ्यांना खरं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा लोक हसले. मग पुस्तक हातोहात फिरलं आणि लोक हसायचे थांबले. इंग्रजांनी छापलंय, गुळगुळीत कागदावर छापलंय, फोटोसकट छापलंय. गल्लीतले पितांबर गुरुजी म्हणाले, "पूर्वी असेल बरं का तसं. आपण विसरलो."

मी नानांना गाठलं. "नाना, तुमच्या आई मांडे कशावर करायच्या?"

"खापरावर."

"ते खापर कधी फोडलं?"

"छे, छे! फोडलं तर तिने आम्हाला फोडलं असतं."

"मग?"

"लीलाधर, ते घरातलं झालं. हे शास्त्रातलं आहे," नाना म्हणाले. "छापलेलं आहे."

पुढच्या आखाजीला नानांनी 'खानदेश लोकसंस्कृती जतन मंडळ' काढलं. अध्यक्षपदी आमचे प्राचार्य. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीची वाट बघत पडलेला. मेहरूण तलावाजवळच्या मैदानात मांडव पडला, कलेक्टरसाहेब आले, आणि पुरोहित कोण हा प्रश्नच नव्हता, पुरोहिताचा फोटो पुस्तकात होता. कुंदाने स्वतःचं खापर द्यायला साफ नकार दिला. "पाहिजे तर तुमचं डोकं न्या," म्हणाली. मग कुंभाराकडून नवीन आणलं. मी धोतर नेसून पिठाचा पडदा पेलला, पांघरला, आणि जळगावचं इमानी खापर काही केल्या फुटेना, तेव्हा नानांनी मागून हळूच दगड घातला. मी वाकून नमस्कार केला. टाळ्या! माझी बढती त्याच आठवड्यात झाली. दुसऱ्या वर्षी गर्दी दुप्पट. तिसऱ्या वर्षी धुळेकरांनीही सुरू केलं. ते म्हणतात, जळगावचा विधी अशुद्ध आहे, मूळ शास्त्राप्रमाणे दोन खापरं फोडावी लागतात.

यंदाही फोडाफोडी झाली, भाषणं झाली आणि उन्हात सगळ्यांना सपाटून भूक लागली. नाना सगळ्या मंडळींना, कलेक्टरसाहेबांसह, आमच्या घरी जेवायला घेऊन आले. कुंदा आणि सासूबाई सकाळपासून अंगणात चुलीपुढे बसून मांडे करत होत्या. लोकांनी आमरसात बुडवून मांडे ओरपले, बोटं चाटली, "वहिनी, अजून एक," म्हणत पानं पुढे केली. साहेब म्हणाले, असं काही आयुष्यात खाल्लं नव्हतं. मग मंडळी हात धुवायला उठली. नळ चुलीच्या पलीकडे होता आणि चुलीवर खापर पालथं होतं. नानांनी पुढे होऊन कुंदाला सांगितलं, "कुंदाताई, ते काळं भांडं जरा आड ठेवा. साहेबांचे कपडे खराब होतील."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. साहेब धोतरातल्या पुरोहिताकडे बघून हसले. मी वाकून दोन्ही हातांनी खापर उचललं आणि आत नेऊन ठेवलं. चांगलंच तापलेलं होतं.